सर्व्हरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची? कोल्हापुरातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या काही फाउंड्र्या, मार्केट यार्डातल्या गुळाच्या दोन पेढ्या, एक पतसंस्था आणि एका साखर कारखान्याचा वजनकाटा, एवढ्यांचे सर्व्हर मी बघतो. डेटा सेंटर वगैरे काही नाही. कुठं कपाटात, कुठं जिन्याखाली, एका ठिकाणी तर देवघराच्या शेजारी मशीन ठेवलेलं आहे. फोनवर येणारे प्रश्न मात्र सगळीकडं तेच असतात. म्हणून एकदाच लिहून काढले, आणि विचारणाऱ्यानं ज्या शब्दांत विचारले तसेच ठेवले.

स्टेबल म्हणजे बंद न पडणारी, बरोबर ना?

नाही. निम्मा घोळ इथंच होतो.

सर्व्हर बंद पडतो तो बहुतेक वेळा पॉवर सप्लाय गेला, रॅम सैल झाली, डिस्क भरली किंवा उंदरानं केबल कुरतडली म्हणून. चालू मशीन अचानक बंद पाडण्याएवढी कच्ची ऑपरेटिंग सिस्टीम आज बाजारात जवळपास नाही. ‘स्टेबल’ हा शब्द लिनक्सवाले वेगळ्या अर्थानं वापरतात. तुमच्या पायाखालची जमीन हलणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उदाहरण म्हणून डेबियन १२ हे लिनक्स घ्या. जून २०२३ मध्ये आलं तेव्हा त्यात पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा ८.२ होती, मारियाडीबी हा डेटाबेस १०.११ होता आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ६.१ मालिकेतलं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत याच मालिका राहणार. मधल्या काळात येतात त्या सुरक्षेच्या आणि मोठ्या चुकांच्या दुरुस्त्या. नवं बटण नाही, नवी सोय नाही, जुनी सोय काढून घेणंही नाही.

याचं मोल कुणाला? ज्याच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर सहा वर्षांपूर्वी एका पोरानं लिहून दिलं आणि जो पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे, फोन उचलत नाही, त्याला. पीएचपीची मोठी आवृत्ती बदलली की अशा सॉफ्टवेअरच्या पावत्या कोऱ्या छापून येतात. दोष पीएचपीचाही नसतो आणि त्या पोराचाही. जमीन हललेली असते.

आमच्या ऑडिटरनं शेरा मारलाय की सर्व्हरवर जुनं व्हर्जन आहे. मग तुमचं स्टेबल असुरक्षित नाही का?

हा प्रश्न दर वर्षी एकदा तरी येतो. सर्व्हर तपासणाऱ्या स्कॅनर प्रोग्रामनं काढलेला चाळीस पानांचा रिपोर्ट जोडलेला असतो आणि निम्म्या ओळी लाल असतात.

स्कॅनर दारात उभा राहून फक्त पाटी वाचतो. पाटीवर ओपनएसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रोग्राम) ९.२ असं दिसतं. त्याच्या यादीत लिहिलेलं असतं की ९.८ पेक्षा जुनं ते धोक्याचं. झालं, लाल ओळ. आत काय दुरुस्त केलंय हे त्याला दिसत नाही.

१ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली एक गंभीर चूक जाहीर झाली. ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या आवृत्त्या तिच्या तडाख्यात होत्या. मूळ प्रकल्पानं ९.८ काढलं. डेबियननं मात्र ९.२ च ठेवलं, फक्त तेवढी दुरुस्ती उचलून जुन्या कोडात बसवली, आणि पॅकेजच्या नावाच्या शेपटीला ‘डेब१२यू३’ जोडलं. याला बॅकपोर्ट म्हणतात. शर्टाचं बटण तुटलं तर आपण बटण लावतो, नवा शर्ट शिवत नाही, तसंच हे. रेड हॅट आणि उबुंटू ही दुसरी लिनक्सही हेच करतात.

गंमत बघा. त्या वेळी आणखी जुनं डेबियन ११ वापरणाऱ्यांना काहीच करावं लागलं नाही, कारण त्यातलं ओपनएसएसएच ८.४ होतं. चूक पुढच्या आवृत्तीत शिरलेली.

ऑडिटरला उत्तर देताना भांडू नका. त्या पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये दुरुस्त केलेल्या प्रत्येक चुकीचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे सुरक्षेच्या चुकांच्या जाहीर यादीतला क्रमांक, असतो. त्याची प्रिंट काढून द्या. समजूतदार ऑडिटर शेरा मागे घेतात. दुसऱ्या प्रकारचेही असतात, त्यांच्यासाठी दोन प्रिंट काढा.

पण नवं ते अधिक सुरक्षित, असं आमचा भाचा म्हणतो. तो आयटीत आहे.

भाच्याला मार्च २०२४ मधली एक्सझेडची गोष्ट विचारा. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी एक साधी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. तिच्या देखभालीत कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून शिरकाव केला आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा ठेवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, तो मागे लागला, आणि २९ मार्चला त्यानं भांडं फोडलं.

तोवर त्या आवृत्त्या कुठं पोचल्या होत्या? डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या कच्च्या आवृत्त्यांमध्ये, फेडोरा लिनक्सच्या चाचणीतल्या आवृत्त्यांमध्ये, आर्च लिनक्समध्ये. डेबियन स्टेबल, उबुंटूच्या एलटीएस (लांब मुदतीच्या) आवृत्त्या आणि रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्स यांपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. तिथं निदान वर्षभर आधीचं एक्सझेड निवांत बसलेलं होतं.

म्हणून जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. जुनं आणि दुरुस्त होत असलेलं, ते सोनं. दुरुस्त्या थांबलेलं जुनं म्हणजे नुसतं भंगार.

ते राहू दे. नेमकं कुठलं टाकू ते सांगा.

माझं मत सरळ आहे. आवृत्ती निवडण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: दुरुस्त्या कुठल्या तारखेला थांबणार, आणि रात्री अकरा वाजता सर्व्हर बसला तर कोण येणार. येणाऱ्याला जी सिस्टीम येते, तीच तुमच्यासाठी चांगली.

सॉफ्टवेअर देणाऱ्यानं काही अट घातली नसेल तर मी डेबियन टाकतो. मागे कंपनी नाही, त्यामुळं मालकाचं मन बदलण्याचा धोका नाही. १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात. साधारण तीन वर्षं मुख्य सुरक्षा टीमकडून दुरुस्त्या आणि मग दोन वर्षं एलटीएस, अशी पाच. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेलं डेबियन १३ जून २०३० पर्यंत जातं.

उबुंटू घ्यायचं तर एलटीएसच, म्हणजे सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारं. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने आयुष्य असतं आणि तरीही लोक सर्व्हरवर टाकून मोकळे होतात, कारण डाउनलोडच्या पानावर आकडा मोठा दिसतो. एलटीएसला पाच वर्षं. मात्र ही पाच वर्षं ‘मेन’ या मुख्य साठ्यातल्या पॅकेजांसाठी आहेत. ‘युनिव्हर्स’ नावाच्या मोठ्या साठ्यातल्या हजारो पॅकेजांची तशी हमी उबुंटू प्रो घेतल्यावर मिळते. पाच मशीनपर्यंत प्रो फुकट आहे, छोट्या धंद्यालाही. तेवढी नोंदणी कुणी करत नाही. करा.

ईआरपी किंवा डेटाबेसवाला ‘रेड हॅटवरच चालेल’ म्हणत असेल तर अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स, म्हणजे रेड हॅटशी जुळणारी फुकट लिनक्स. दोन्हींची नववी आवृत्ती मे २०३२ पर्यंत आहे. आणि करारात ‘रेड हॅट’ असंच लिहिलं असेल तर पैसे भरून रेड हॅटच घ्या. सपोर्टचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि तिथं ‘तसंच आहे, फक्त नाव वेगळं’ हे उत्तर चालत नाही.

सेंटओएस ७ झकास चाललंय की. कशाला हात लावायचा?

एके काळी अख्ख्या एमआयडीसीत हेच होतं. रेड हॅटचं सगळं, फुकटात, दहा वर्षं. मग ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की २०२९ पर्यंत चालेल असं धरलेलं सेंटओएस ८ हे ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होणार. जे नव्यावर गेले होते ते तोंडावर आपटले आणि जे आळसानं ७ वर राहिले होते ते वाचले. त्या वर्षी आळशांनी फार मिशीला पीळ दिला. अल्मा आणि रॉकी दोन्ही त्याच धक्क्यातून २०२१ मध्ये जन्माला आली.

पण ७ चीही मुदत ३० जून २०२४ ला संपली. आता ‘यम’ (yum) या कमांडनं अपडेट मारलं तर मिररलिस्टचा, म्हणजे अपडेट कुठून घ्यायचे त्या पत्त्यांच्या यादीचा, सर्व्हरच सापडत नाही असा एरर येतो. तो सर्व्हर बंद झालाय. काही जण पत्ता बदलून जुन्या संग्रहाचा देतात. एरर जातो आणि वाटतं, अपडेट चालू झाले. काही चालू होत नाही. त्या संग्रहात नवं काही येतच नाही.

शिवाय त्यातल्या ओपनएसएसएल या लायब्ररीला टीएलएस १.३, म्हणजे इंटरनेटवरचा संवाद कुलूपबंद करायची नवी पद्धत, येत नाही. बँकेनं किंवा एखाद्या सरकारी पोर्टलनं जुनं टीएलएस बंद केलं त्या दिवशी तुमच्या पावत्या अडणार, आणि तो दिवस शुक्रवारी संध्याकाळी उगवणार.

सात वरून नव्यावर जाताना डेटाबेसचं फोल्डर तसंच उचलून ठेवलं तर?

हे मी केलंय. एका पतसंस्थेत.

सेंटओएस ७ वर पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) हा डेटाबेस होता. नव्या मशीनवर तीच आवृत्ती टाकली, डेटाचं फोल्डर जसंच्या तसं नेलं, सर्व्हिस सुरू झाली, लॉगिन झालं, मी चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या ताईंचा फोन आला, “सर, एक सभासद यादीत दिसतोय पण शोधला तर सापडत नाही.” आणि दुसऱ्याच दिवशी एकाच शेअर क्रमांकाचे दोन सभासद निघाले. क्रमांक दुबार पडूच नये म्हणून डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स, म्हणजे दुबार नोंद अडवणारी क्रमवार सूची, होता, तरीही.

कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात होतं. अक्षरं कुठल्या क्रमानं लावायची हे पोस्टग्रेस बहुतेक वेळा जीलिबसी या लायब्ररीला विचारतं. जीलिबसीच्या २.२८ आवृत्तीत, म्हणजे २०१८ साली, हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. सेंटओएस ७ वर २.१७ होतं. जुन्या मशीनवर ‘११’ आणि ‘१-१’ इंग्रजी अंकांत लिहून सॉर्ट केलं की आधी ११ येतं. नव्यावर आधी १-१. त्या पतसंस्थेचे शेअर क्रमांक नेमके डॅशवाले. इंडेक्स जुन्या क्रमानं रचलेला आणि शोधणारा नव्या क्रमानं शोधतोय. रजिस्टर एका बाराखडीनं लावलंय आणि कारकुनाला दुसरीच शिकवलीय, अशी गत.

इंडेक्स नव्यानं रचायला रीइंडेक्स चालवलं तेव्हा ते दुबार नोंदींवर अडलं. त्या हातानं निस्तरल्या, रविवार गेला. तेव्हापासून नियम: सिस्टीमची मोठी उडी मारायची तर डेटाबेसचा डम्प (सगळ्या नोंदी उतरवलेली फाइल) काढायचा आणि नव्या जागी भरायचा. इंडेक्स आपोआप नवे बनतात. डेबियन ९ वरून १० वर जाणाऱ्यांनाही हेच भोवलं होतं. आणि जागच्या जागी अपग्रेड करण्यापेक्षा मी शेजारी नवं मशीन उभं करतो, जुनं महिनाभर तसंच ठेवतो.

सेकंडहँड सर्व्हर स्वस्तात मिळतोय. घेऊ?

घ्या, पण प्रोसेसर बघून. रेड हॅट १० आणि रॉकी १० यांना प्रोसेसरचा एक्स८६-६४-व्ही३ हा दर्जा लागतो. इंटेलच्या भाषेत हॅसवेल, म्हणजे २०१३ आणि पुढचे. झिऑन ई५ चा ‘व्ही३’ चालेल, ‘व्ही२’ चालणार नाही, आणि वापरलेल्या सर्व्हरच्या बाजारात व्ही२ चा ढीग पडलाय म्हणूनच तो स्वस्त आहे. अशा मशीनवर डेबियन १३ बिनबोभाट चालतं. अल्मानंही १० साठी जुन्या प्रोसेसरची वेगळी आवृत्ती ठेवली आहे.

डेबियन १३ मध्ये एक मेख आहे: टीएमपी हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर आता डिस्कवर नसून रॅममध्ये असतं, निम्म्या रॅमपर्यंत. आठ जीबीच्या मशीनवर कुणाचा रिपोर्ट तिथं मोठमोठ्या फाइली लिहीत असेल तर आधी बघून घ्या.

आमचं सगळं टॅलीवर आहे.

मग विंडोज. उगाच लिनक्सचा हट्ट नको. फक्त साध्या डेस्कटॉपच्या विंडोजला सर्व्हर करू नका. विंडोज १० किंवा ११ प्रोवर फाइल शेअरिंगला २० जणांची मर्यादा असते, एकविसावा लॉगिन करायला गेला की तक्रार तुमच्याकडं येते. शिवाय विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ची तर १० ऑक्टोबर २०२३ लाच. सर्व्हर २०२२ ला ऑक्टोबर २०३१ पर्यंत दुरुस्त्या आहेत.

फ्रीबीएसडी? आर्च?

फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळी सिस्टीम उत्तम आहे, झेडएफएस या फाइल सिस्टीमसाठी तर फारच. पण तुम्ही गावाला गेलात तर कोल्हापुरात दुसरा माणूस शोधून दाखवा. आर्च लॅपटॉपवर वापरा.

डॉकर वापरलं तर खाली कुठलीही सिस्टीम चालेल ना?

डॉकर प्रोग्रामला त्याच्या लवाजम्यासकट एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवतं. कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतं, तो खालचंच वापरतो. त्यामुळं खालची सिस्टीम मुदतीतली हवीच. आणि कंटेनरच्या आत आणखी एक छोटी सिस्टीम बसलेली असते, तिच्या दुरुस्त्या कुणी बघत नाही. म्हणजे काम दुप्पट झालं.

अपडेट आपोआप ठेवू की हातानं मारू?

सुरक्षेचे आपोआप, बाकी हातानं. त्यासाठी डेबियन-उबुंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स आणि अल्मा-रॉकीवर डीएनएफ-ऑटोमॅटिक हे प्रोग्राम आहेत. स्टेबल सिस्टीम घेण्याचा खरा फायदा इथं मिळतो: बदल एवढासाच असतो की रात्री झोपेत झाला तरी सकाळी घात होत नाही. तरी सगळ्या मशीनना एकाच रात्री नको. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर आणली, कारण ते सगळीकडं एकदम गेलं. आधी एका बिनमहत्त्वाच्या मशीनवर, दोन दिवसांनी बाकीच्यांवर.

मोठ्या आवृत्तीची उडी कधी मारायची हे मात्र कोल्हापूरचं कॅलेंडर ठरवतं. गळीत हंगामात वजनकाट्याच्या सर्व्हरला बोट लावायचं नाही. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि ड्रायव्हर रीबूट संपायची वाट बघत नाहीत. मार्चअखेर पतसंस्थेत पाय ठेवायचा नाही. जून लागला की पाऊस, जुलै-ऑगस्टला नदीकडं डोळे. उरतो एप्रिलचा शेवट आणि मे. त्यामुळं तुमच्या सिस्टीमची मुदत जूनमध्ये संपत असेल तर ती याच वर्षीच्या मेमध्ये बदलायची, पुढच्या नाही.

लाइट सारखी जाते. कुठली सिस्टीम टिकेल?

ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या लिनक्सच्या दोन्ही फाइल सिस्टीम जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवतात, त्यामुळं फाइल सिस्टीमचा सांगाडा वाचतो. आतला डेटा वाचेलच असं नाही. स्वस्त एसएसडी ‘लिहिलं’ असं सांगून मोकळी होते आणि प्रत्यक्षात अजून लिहीत असते. पैसे यूपीएसवर घाला, त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा आणि नट नावाचा प्रोग्राम बसवा. बॅटरी उतरली की तो सर्व्हर रीतसर बंद करतो. बहुतेक ठिकाणी ती केबल प्लास्टिकच्या पिशवीतून निघालेलीच नसते.

आणि पूर आला तर?

ऑगस्ट २०१९ मध्ये महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली होता. पुण्याहून सुटा भाग मागवणं विसरा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ला धोका. मी ३९ लाच शेवटचा बॅकअप काढून डिस्क वरच्या मजल्यावर नेतो.

तीच डिस्क हाताशी असेल त्या दुसऱ्या मशीनला लावून लिनक्स बहुधा सुरू होतं, पण दोन जागी घोडं अडतं. रॉकी-अल्माचं नेहमीचं बूट फक्त त्याच मशीनचे ड्रायव्हर घेऊन येतं, तेव्हा मेन्यूतून ‘रेस्क्यू’ची ओळ निवडायची, त्यात सगळे असतात. आणि नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, त्यामुळं ठरवून दिलेला आयपी लागत नाही. डेस्कटॉपवाला म्हणतो सर्व्हर मेला; तो जिवंत असतो, फक्त मुका असतो.

सरकारी नियमाचा सिस्टीमशी काही संबंध?

आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत: सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग (सर्व्हरच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायचं. घड्याळ क्रॉनी नावाचा प्रोग्राम सांभाळतो. लॉगचं मात्र बघा, कारण जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटची मूळ सेटिंग चार आठवडे असते आणि पाचव्या आठवड्यात जुनी फाइल गुपचूप जाते. टाकल्या दिवशीच आकडा वाढवा.

आमचा सर्व्हर दोन वर्षं एकदाही बंद झालेला नाही! कौतुक करा की.

असंच एकदा एका फाउंड्रीत ऐकलं. मालकांनी अभिमानानं स्क्रीन दाखवली, अपटाइम, म्हणजे बंद न होता चाललेला काळ, ६१२ दिवस. मशीन टेबलाखाली, पंख्याच्या जाळीवर मोल्डिंगच्या काळ्या रेतीचा थर, बोटानं रेघ ओढली तर रेघ राहिली. अपडेट नियमानं पडत होते, पण कर्नलची दुरुस्ती सहसा रीबूटशिवाय लागत नाही. डिस्कवर नवं कर्नल, रॅममध्ये ६१२ दिवसांपूर्वीचं.

“करूया रीबूट,” मी म्हणालो. केलं. दीड मिनिट एकाच ओळीवर थांबलं आणि मग इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड मागत. पासवर्ड एका जुन्या चलनाच्या मागं लिहिलेला निघाला, तो शोधण्यात पाऊण तास गेला. सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती यादी असलेली एफएसटॅब फाइल उघडली तर शेवटची ओळ एका यूएसबी डिस्कची, ‘नोफेल’ (नसली तरी पुढं जा) न लिहिलेली. कधीतरी कुणी बॅकअपसाठी डिस्क लावली, ती कायमची करून ठेवली, मग डिस्क काढून नेली. चालू मशीनला त्याचं काही नव्हतं. सुरू होताना ते दीड मिनिट त्या डिस्कची वाट बघायचं आणि हात टेकायचं.

ती ओळ वाचली जाऊ नये म्हणून तिच्या आधी एक हॅश (#) टाकला, मशीन सुरू झालं. आता तिथं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, भट्टी पेटायच्या आधी, रीबूट होतो. ती डिस्क कुणाची होती आणि त्यावर कुठला बॅकअप होता, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.